व्हॉल्व पिस्टनला लागतो तेव्हा

डिझेल इंजिनाचा पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याचा माथा आणि हेडचा सपाट पृष्ठभाग यांच्यात साधारण एक मिलिमीटर जागा उरते, काही इंजिनांत त्याहूनही कमी. एवढी अडचण मुद्दाम ठेवलेली असते. डिझेलला पेटवायला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबावी लागते की तिच्याच उष्णतेने इंधन भडकावं, आणि त्यासाठी वर जागा शिल्लक राहून चालत नाही.

आपल्या रस्त्यांवर भरपूर चाललेलं एक इंजिन समोर ठेवू, म्हणजे पुढचं सगळं हवेत राहणार नाही. कमिन्सचं 6बीटी. सहा सिलिंडर, 5.9 लिटर. 1989पासून ते अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये बसू लागलं. 1993 साली टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी झाली, जमशेदपूरला कारखाना निघाला आणि टाटांच्या ट्रकांमध्ये या इंजिनाचं कुटुंब घरचं झालं. पुढे सातारा जिल्ह्यात फलटणलाही टाटा कमिन्सचा कारखाना उभा राहिला. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 102 मिमी आणि पिस्टनची धाव 120 मिमी. म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे 980 घन सेंटिमीटर जागा झाडतो आणि 17.5 पट दाबलं तर त्या हवेला शेवटी उरतात जेमतेम 60 घन सेंटिमीटर. त्यातलीही बहुतेक जागा पिस्टनच्या माथ्यात कोरलेल्या वाटीत. वाटीच्या बाहेरच्या काठावर फक्त ती पातळ फट.

आता याच जागेत व्हॉल्व उघडतात. पूर्ण उघडलेला व्हॉल्व हेडपासून दहा मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. जागा एक मिलिमीटर आणि पाहुणा दहाचा. पिस्टन वर असताना व्हॉल्व पुरता उघडा राहिला तर टक्कर होणार की नाही हा प्रश्नच उरत नाही. काही पेट्रोल इंजिनांत टायमिंग चुकलं तरी व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांना चुकवून जातात. ट्रकच्या डिझेल इंजिनात अशी मुभा जवळजवळ नसते.

सगळी मदार वेळेवर आहे. चार स्ट्रोकांच्या चक्रात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व घट्ट बंद असतात आणि धोका नसतो. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी. या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व अजून मिटत असतो आणि इनटेक व्हॉल्व उघडू लागलेला असतो. दोघेही थोडे थोडे उघडे, आणि खालून पिस्टन येतोय. यालाच ओव्हरलॅप म्हणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व पुढे पळतोय आणि पिस्टन त्याचा पाठलाग करतोय, मग पिस्टन मागे वळतो आणि इनटेक व्हॉल्व त्याच्या मागे लागतो. इंजिन मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर असताना क्रँकची एक फेरी 24 मिलिसेकंदांत होते आणि प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला जवळजवळ 21 वेळा उघडून मिटतो. पाठलाग प्रत्येक वेळी, सगळ्या सहा सिलिंडरांत, लाखो किलोमीटर, स्पर्श न होता चालतो. हे मला या यंत्रातलं सर्वांत विलक्षण काम वाटतं, आणि म्हणूनच ते बिघडतं तेव्हा नीट शोध घेतला पाहिजे असंही वाटतं.

गॅरेजमध्ये ट्रक येतो तो एका तक्रारीसह: इंजिन वाजतंय. वरून, हेडकडून, टकटक असा कोरडा, धातूचा आवाज. इथे पहिला मोह होतो टॅपेट घट्ट करण्याचा, आणि दुसरा थेट हेड खोलण्याचा. दोन्ही टाळावेत. न खोललेलं इंजिन अजून बरंच काही सांगू शकतं. हेड एकदा उचललं की त्यातलं बरंचसं पुसलं जातं.

आवाजाची लय पाहू. व्हॉल्व पिस्टनला लागत असेल तर ती टक्कर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा होते, कारण ओव्हरलॅप दोन फेऱ्यांत एकदाच येतो. 700 फेऱ्यांच्या आयडलला मिनिटाला 350 ठोके, म्हणजे सेकंदाला सहाच्या आतबाहेर. पण नुसत्या लयीवर विसंबून चालत नाही, कारण ज्वलनही दोन फेऱ्यांत एकदाच होतं. खराब नोझलचा, डिझेल एकदम भडकण्याचा खणखणाट याच चालीने वाजतो. टॅपेट ढिला असेल तर तोही याच चालीने वाजतो. लय एवढंच सांगते की दोष कॅमशाफ्टच्या चालीशी बांधलेला आहे. बिग एंडचा आवाज वेगळा असतो, जड आणि खालून येणारा. लोड दिल्यावर तो वाढतो.

ज्वलनाचा आवाज वेगळा काढण्याची जुनी रीत आहे: एकेका नोझलची पाईप पंपाकडून थोडी ढिली करून त्या सिलिंडरचं इंधन तोडणं. खणखणाट ज्वलनाचा असेल तर त्या सिलिंडरवर तो मऊ पडतो किंवा थांबतो. व्हॉल्व पिस्टनला लागत असेल तर इंधन तोडल्यानेही टकटक तशीच राहते, कारण टक्कर इंधनाची नाही, धातूची आहे. ही रीत फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे आणि तिथेही हातमोजे घालून, चेहरा बाजूला ठेवून. कॉमन रेलच्या इंजिनावर चालू स्थितीत नट ढिला करणं म्हणजे जीवघेणा खेळ. तिथे दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. तिथे स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करता येतो, तोच मार्ग घ्यायचा.

या चाचणीत एक फसवी जागा आहे, आणि ती समजली की चांगले मिस्त्री का थबकतात ते कळतं. 6बीटीचा फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. पहिला आणि सहावा पिस्टन जोडीने वर येतात. पहिल्यात ज्वलन होतं त्याच क्षणी सहावा ओव्हरलॅपवर असतो. पाच-दोन आणि तीन-चार याही अशाच जोड्या. टॅपेट सेट करताना ही जोडी मिस्त्रींच्या बोटांत बसलेली असते: सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व हलले की पहिल्याचे टॅपेट सेट करायचे. आता समजा, सहाव्यातला व्हॉल्व पिस्टनला लागतोय. ती टकटक नेमकी पहिल्याच्या ज्वलनाच्या क्षणी वाजेल. पहिल्याची पाईप ढिली केली तर आवाज थोडा बदलल्यासारखा वाटेल, कारण त्याच क्षणाचा ज्वलनाचा आवाज गेला. मग पहिल्या सिलिंडरवर दोष टाकून, त्याचं नोझल बदललं, तरी ट्रक परत तसाच वाजत राहील. म्हणून एका सिलिंडरवर निकाल देऊ नये. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक हेडला लावून किंवा मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपने आवाज सर्वांत स्पष्ट कुठे येतो ते शोधायचं, आणि मग त्या सिलिंडरबरोबर त्याची जोडीही तपासायची.

आता टॅपेट कव्हर काढायचं. इंजिन थंड. 6बीटीला थंड असताना इनटेकचा टॅपेट गॅप 0.25 मिमी आणि एक्झॉस्टचा 0.51 मिमी असतो. फिलर गेजने सगळे बारा मोजून कागदावर लिहायचे. सेट करायचे नाहीत, फक्त लिहायचे. ही शिस्त पाळणारे थोडे असतात, पण खरी माहिती याच कागदावर असते.

अकरा टॅपेट जवळपास जागेवर आहेत आणि एकाच व्हॉल्वचा गॅप अचानक खूप वाढलेला आहे, तर तिथे काहीतरी वाकलेलं असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्वचा दांडा वाकला की तो सीटवर पुरता बसत नाही, किंचित खालीच लटकतो. त्याचं टोक रॉकरपासून दूर जातं आणि गॅप वाढतो. पुशरॉड वाकला तर त्याची लांबी कमी होते, गॅप वाढतो. कॅमचा लोब किंवा टॅपेटचा तळ झिजला तरी गॅप वाढतो, पण हे हळूहळू होतं आणि तिथे कॅमची उचल मोजली तर कमी निघते. उलट, सीट झिजून व्हॉल्व वर सरकला असेल तर गॅप कमी होतो. त्यात व्हॉल्व पिस्टनपासून लांबच गेलेला असतो. म्हणजे कमी झालेला गॅप सहसा टकरीकडे बोट दाखवत नाही. गॅप वाढला की कमी झाला, एवढ्या एका प्रश्नाने अर्धा शोध उरकतो. आणि तो प्रश्न विचारण्याआधीच पाना फिरवून सगळे टॅपेट सेट केले, तर तो पुरावा गेला.

मग पुशरॉड काढून सपाट काचेवर लोळवायचे. सरळ असेल तो निमूट लोळतो, वाकलेला डोलतो. कोणता कुठून काढला ते विसरू नये म्हणून पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून त्यात क्रमाने खोचून ठेवायचे. ही साधी सवय मला फार मोलाची वाटते.

पुढची पायरी, पुशरॉड परत जागच्या जागी बसवून, कॉम्प्रेशन मोजण्याची. कमी कॉम्प्रेशनचा सिलिंडर सापडला की त्यात दोन्ही व्हॉल्व बंद असताना बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते ऐकायचं. एअर फिल्टरच्या पाईपमध्ये फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेंसरमधून आली तर एक्झॉस्ट. तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. हवा भरताना पिस्टन नेमका वरच्या टोकाला नसेल तर क्रँक जोरात फिरतो, त्यामुळे फ्लायव्हील धरून ठेवायचं आणि क्रँक फिरवायचा बारिंगचा पाना त्यावर तसाच सोडायचा नाही.

इथवर आलेल्या मिस्त्रीच्या हातात बहुधा सिलिंडरचा क्रमांक आणि व्हॉल्वचं नाव असतं. वाकलेला पुशरॉड सापडला की तो बदलून, टॅपेट सेट करून ट्रक मालकाला परत देण्याचा मोह इथे सर्वांत मोठा असतो. मालक घाईत असतो, माल भरलेला असतो. मला हा मोह धोकादायक वाटतो आणि तसं मी स्पष्ट लिहितो. पुशरॉड स्वतःहून वाकत नाही. एकतर व्हॉल्व पिस्टनवर आदळला, किंवा व्हॉल्व गाईडमध्ये अडकला आणि रॉकर त्याला ढकलत राहिला. दोन्ही प्रकारांत मूळ दोष आत तसाच आहे. शिवाय व्हॉल्व एकदा वाकला की प्रत्येक वेळी सीटवर बसताना त्याची मान एका बाजूला वळते आणि सरळ होते, सेकंदाला वीस वेळा. धातू अशा वळण्याने थकतो. एक दिवस मानेपाशी तुटतो आणि व्हॉल्वचं डोकं सिलिंडरमध्ये पडतं. त्यानंतर दुरुस्ती पुशरॉडची राहत नाही. पिस्टन, सिलिंडर, हेड, कधी टर्बोही जातो.

म्हणून हेड खोलायचं. पण आता ते खोलताना काय शोधायचं हे ठरलेलं असतं.

पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर असतो. व्हॉल्व जिथे लागला तिथे चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण असते, कारण व्हॉल्वचा काठ गोल आहे आणि बहुतेक वेळा त्याची एकच कड टेकते. नुसती काजळी पुसली गेली असेल तर स्पर्श हलका. धातूत खाच उमटली असेल तर टक्कर जोराची. खाचेवर पुन्हा काजळी बसलेली असेल तर ही जुनी गोष्ट, बहुधा मागच्या दुरुस्तीच्या वेळची, आणि आजच्या टकटकीशी तिचा संबंध नसेलही.

त्यानंतर सगळे सहा पिस्टन एकत्र पाहायचे, कारण खुणांची मांडणी कारण सांगते. एकाच पिस्टनवर खूण असेल तर दोष त्याच व्हॉल्वपाशी आहे. स्प्रिंग तुटलेली, गाईडमध्ये दांडा जाम झालेला, कॉटर निसटलेला. नव्या गाईड बसवून त्या नीट रीम केल्या नाहीत तर इंजिन गरम झाल्यावर दांडा तिथे धरतो आणि व्हॉल्व वेळेवर परत येत नाही. सहाही पिस्टनांवर सारख्या खुणा असतील तर एकट्या व्हॉल्वचा दोष नाही. मग टायमिंग, जास्त वेग किंवा मशीन शॉपमधलं काम, या तिघांपैकी एक.

यातही खुणा कोणत्या व्हॉल्वच्या आहेत ते पाहायचं. कॅमशाफ्ट मागे पडला असेल तर पिस्टन वर येतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व अजून जास्त उघडा असतो आणि मार तोच खातो. कॅमशाफ्ट पुढे गेला असेल तर इनटेक व्हॉल्व वेळेआधी उघडतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला सामोरा जातो. 6बीटीमध्ये क्रँकच्या गिअरवरची आणि कॅमच्या गिअरवरची खूण जुळवावी लागते. ओव्हरहॉलिंगनंतर लगेच सहाही सिलिंडरांत एकाच बाजूच्या खुणा दिसल्या, तर एक दात चुकला का हे आधी तपासायचं.

याच इंजिनाची टायमिंगशी जोडलेली एक गोष्ट अमेरिकेतल्या डॉज पिकअपवाल्यांना चांगली ठाऊक आहे. टायमिंग गिअरच्या हाउसिंगची जागा पक्की करणारी एक छोटी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती कधी कधी बाहेर सरकते आणि थेट गिअरमध्ये पडते. नशीब बरं असेल तर हाउसिंगला तडा जाऊन तेल गळतं. नसेल तर गिअर अडतो, टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व पिस्टनवर जातात. तिकडे तिला किलर डॉवेल पिन म्हणतात. उपाय एका धातूच्या पट्टीचा: शेजारच्या बोल्टखाली पट्टी दाबायची आणि तिने पिनचं तोंड झाकायचं. समोरचं कव्हर उघडण्याची वेळ आली की ही पट्टी बसवून घेणं शहाणपणाचं.

आपल्याकडे मात्र मला घाटाचा विचार जास्त करावासा वाटतो. कसारा किंवा खंबाटकीचा उतार, भरलेला ट्रक, ब्रेक तापलेले, आणि वेग आवरायला ड्रायव्हर घाईत एकदम दोन गिअर खाली टाकतो. आता इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकं इंजिनाला फिरवतात. गव्हर्नर इथे काही करू शकत नाही. तो इंधन कमी करतो, आणि इंधन तर आधीच बंद आहे. 2,500 फेऱ्यांच्या आसपास आवरलेलं इंजिन 3,500वर जाऊ शकतं. व्हॉल्वला परत खेचायला लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग 1.4 पट झाला की बळ जवळजवळ दुप्पट लागतं, आणि स्प्रिंगची ताकद तर तेवढीच राहते. व्हॉल्व कॅमची साथ सोडतो, हवेत तरंगल्यासारखा उशिरा मिटतो, आणि त्याच्यामागे धावणारा पिस्टन त्याला गाठतो. म्हणून अशा वेळच्या खुणा बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्वच्या असतात, एकापेक्षा जास्त पिस्टनांवर, आणि टायमिंगच्या खुणा मात्र अचूक जुळलेल्या निघतात. ड्रायव्हरला दरडावून विचारलं तर तो काही सांगणार नाही. शांतपणे, दोष न देता विचारलं तर बहुधा सांगतो: घाटात एकदम ओरडली गाडी. निदानासाठी ते वाक्य डायल गेजइतकं उपयोगी आहे.

मशीन शॉपचं काम उरलं. हेडला फेस मारला की व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात. ब्लॉकचा फेस घेतला की पिस्टन वर येतो. नवे सीट बसवताना व्हॉल्व आत पुरेसा बसवला नाही तर तोही पुढे डोकावतो. प्रत्येक काम वेगळं पाहिलं तर निर्दोष, पण एक मिलिमीटरच्या हिशेबात ती सगळी एकाच बाजूला जमा होतात. म्हणून जोडण्याआधी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो आणि व्हॉल्व हेडमध्ये किती आत बसतो, दोन्ही डायल गेजने मोजायचं आणि इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून पाहायचं. काही इंजिनांना जाड गॅस्केट मिळतात, ती याच हिशेबासाठी. पिस्टनची वाटी किंवा व्हॉल्वची जागा ग्राइंडरने खोल करून अंतर काढणं मला मान्य नाही. माथा पातळ होतो, कॉम्प्रेशन बिघडतं, आणि चूक जिथे झाली तिथे ती तशीच राहते.

जोडल्यावरही एक मोजणी उरते. पिस्टन ओव्हरलॅपवर वरच्या टोकाला आणायचा, व्हॉल्वच्या रिटेनरवर डायल गेज लावायचं आणि व्हॉल्व पिस्टनला टेकेपर्यंत हळूच दाबायचा. गेजवर येतं ते त्या जागी खरं उरलेलं अंतर. मॅन्युअलने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा ते कमी निघालं तर स्टार्टरला हात लावायचा नाही. नंतर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा, कारण कॅमशाफ्टची एक फेरी व्हायला क्रँकच्या दोन लागतात आणि एका फेरीत अर्धेच व्हॉल्व तपासले जातात. मध्ये कुठे धातूचा कठीण अडथळा लागला तर पान्याला जोर न लावता तिथेच थांबून तो सिलिंडर शोधायचा. कॉम्प्रेशनचा अडथळा रबरासारखा लागतो आणि हळूहळू सुटतो. धातूचा लागतो तो एकदम, आणि सुटत नाही. ट्रक काही दिवस चालल्यावर परत बोलावून, इंजिन थंड असताना बाराही टॅपेट पुन्हा मोजायचे आणि आधीच्या कागदाशेजारी लिहायचे. एखाद्याचा गॅप पुन्हा वाढलेला दिसला, तर त्या सिलिंडरसाठी हेड दुसऱ्यांदा उचलावं लागेल.